विंगेतला सव्वा रुपया

दहा जानेवारी, शुक्रवार, सकाळी साडेनऊ. रक्कम सव्वा रुपया. हजर तिघं: माझे मधूमामा, मालतीमामी आणि मी. जागा राहुरीतलं मामांचं घर, पुढची पायरी. शूटिंगवाल्यांनी पाठवलेली गाडी दारात उभी होती. मामांनी एक रुपयाचं आणि एक चार आण्यांचं नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ स्वतःच्या हातानं मिटली. मामी उंबऱ्यातून म्हणाली, "चार आणे सांभाळून ने रे. बाजारात आता मिळत नाहीत, देवाच्या डबीत पाचच राहिलेत."

सव्वा रुपयाची ही रीत आमच्या हौशी नाटक मंडळाची. बाहेर कुठं मी ती पाहिली नाही. तिसऱ्या घंटेच्या आधी, ज्याची भूमिका सगळ्यात अवघड त्या नटानं विंगेत जाऊन प्रॉम्प्टरच्या हातावर सव्वा रुपया ठेवायचा. प्रयोगात प्रॉम्प्टरला एक शब्द जरी पुरवावा लागला, तर तो सव्वा रुपया त्याचा. कमाई. एकही शब्द लागला नाही, तर पडदा पडल्यावर त्यानं तो दोन्ही हातांनी नटाला परत करायचा. परत करणारा प्रॉम्प्टर त्या दिवशी नटापेक्षा ताठ चालायचा. मंडळात शाळामास्तर होते, कारखान्यातले फिटर होते, एक कंपाउंडर होता. पैशासाठी कुणीच येत नव्हतं, म्हणूनच त्या सव्वा रुपयाला वजन होतं.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून आहे. यंदाचा माझा एकतिसावा गळीत हंगाम. आमच्याकडे वर्ष चैत्रात सुरू होत नाही, भोंग्यानं होतं. दिवाळीची पणती विझते न विझते तोच बॉयलर पेटतो, आणि एका सकाळी भोंगा वाजला की कोल्हारपासून राहुरीपर्यंतचा सगळा रस्ता बदलतो. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, त्यांच्यावरची कर्कश गाणी, मागं टायरगाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा एकसुरी आवाज. रस्त्यावर पडलेले वाढे, उसाचे हिरवे शेंडे, गोळा करणाऱ्या बाया. मळीचा वास. नवा माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्हाला तो वास हंगाम संपल्यावर, नसण्यानं कळतो. चिमणीतून उडणारी काळी काजळी दोरीवरच्या कपड्यांवर बसते, म्हणून उज्ज्वला, माझी बायको, हंगामभर पांढरं काही बाहेर वाळत घालत नाही.

याच दिवसांत नाट्यस्पर्धा असते. त्यामुळं माझ्या डोक्यात दोन वास कायमचे एकत्र झाले आहेत: मळीचा, आणि मिशी चिकटवायच्या स्पिरिट गमचा. दरवर्षी भोंगा वाजला की मला आधी माझा पहिला हंगाम आठवतो. तो आठवायला नको असतो.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. काट्यावर नुकताच लागलो होतो. आजच्यासारखे लाल आकडे तेव्हा नव्हते, मोठी तबकडी आणि तिच्यावर थरथरणारी सुई. गाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत गेलेली असायची आणि मागून ओरडा चालू असायचा. मी घाईनं आकडा लिहायचो. खर्ड्याकडून आलेल्या ऊसतोड टोळीतला रामभाऊ नावाचा गाडीवान होता, वय झालेला, डोक्याला फेटा. त्यानं एकदा माझी पेन्सिल तशीच धरली.

"सायेब, सुई थांबू द्या की."

"थांबली की."

"न्हाई थांबली. बैल अजून दम टाकतोय. त्येचं बी वजन लागतंय त्यात. जरा दम धरा, समदं खरं दिसतं मग."

मागचा ट्रॅक्टरवाला ओरडला, "आरं म्हाताऱ्या, काटा हाय का देवळाचा गाभारा?"

रामभाऊनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. सुई डावीकडं गेली, उजवीकडं गेली, आणि मग थांबली. मी लिहिलेल्या आकड्यात आणि त्या आकड्यात अकरा किलोंचा फरक होता. त्या दिवसापासून काट्यावर मी घाई केली नाही. विंगेत मात्र हे शहाणपण माझ्याबरोबर आलं नाही.

मधूमामा शाळेत भूगोल शिकवायचे. उंची बेताची, खांदे जरा पुढं झुकलेले, चेहरा असा की पाहिल्यासारखा वाटावा आणि कुठं ते आठवू नये. नायकाचं काम त्यांना कधी मिळालं नाही आणि त्यांनी मागितलंही नाही. ते नायकाचे बाप व्हायचे, नायिकेचे काका व्हायचे, पोस्टमास्तर, वैद्य, न्यायाधीश. म्हणायचे, "नायकाला संवाद असतात, मला माणूस असतो." पण त्यांचं खरं काम संवादांच्या मध्ये असायचं. ते थांबायचे. समोरचा बोलून झाला की मामा ते ऐकायचे, ते त्यांच्या आत कुठंतरी पोचायचं, आणि मग उत्तर यायचं. नाटकवाले त्याला पॉज म्हणतात. मी प्रॉम्प्टर म्हणून बसायला लागलो तेव्हा प्रत्येक पॉज घड्याळानं मोजून संहितेत पेन्सिलीनं गोल काढून त्यात आकडा लिहीत असे. तीन. चार. दीड.

त्या वर्षीच्या नाटकात एक सातचा गोल होता. नाटक आमच्याच मंडळातल्या एका मास्तरांनी लिहिलेलं. शेवटच्या अंकात पोलीस एका तरुणाला उभं करून बापाला विचारतात, "हा तुमचा मुलगा का?" बाप ओळखतो, आणि म्हणतो, "नाही." मामांची सगळी भूमिका त्या एका शब्दाच्या आधीच्या सात सेकंदांत होती. तालमीत ते सात सेकंद थांबले की बाजूला बसलेले फिटर लोक विडी ओढायचं विसरायचे.

स्पर्धेचा प्रयोग नगरला होता. (गावाचं नाव आता बदललं, माझ्या तोंडात अजून नगरच येतं.) मी सकाळची पाळी करून, अंगावरची काजळीसुद्धा नीट न धुता गेलो होतो. तिसऱ्या घंटेआधी मामांनी सव्वा रुपया दिला. दोन अंक एकही शब्द न पुरवता गेले. मी खिशातली नाणी चाचपत होतो, परत द्यायची म्हणून. मग तो प्रश्न आला. मामा थांबले. मी मोजत होतो. एक, दोन, तीन. चार. प्रेक्षागृह इतकं शांत झालं की माझ्या मनगटावरचं घड्याळ मला ऐकू येऊ लागलं. पाचव्या सेकंदाला मला मामांच्या डोळ्यांत काहीतरी दिसलं, आणि मी विंगेतून स्पष्ट, काट्यावर आकडा ओरडावा तसा बोललो: "नाही."

पहिल्या तीन रांगांना ते ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. त्यानंतर मामा "नाही" म्हणाले, पण ते हसण्याच्या वर म्हणावं लागलं.

नाटक तिसरं आलं. अभिनयाच्या यादीत मामांचं नाव नव्हतं. परीक्षकांतले एक जण जाता जाता म्हणाले म्हणे, की प्रॉम्प्टरचे उच्चार चांगले आहेत. मी नाणी मामांपुढं धरली, तेव्हा मामा मिशी सोडवत होते. म्हणाले, "नियमानं तुझी आहेत. ठेव." एवढंच. पुढं कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मंडळानं मात्र सोडलं नाही. कुणी मला चहा घेणार का विचारलं, की पाठीमागून चौघं एका सुरात "नाही" म्हणायचे. मी हसायचो. घरी जाऊन ती दोन नाणी कारखान्याच्या एका पाकिटात घातली, वर तारीख लिहिली. ते पाकीट अजून कपाटात आहे.

त्यानंतर मामांच्या कामाचं काय झालं हे मी तपशिलानं सांगू शकतो, कारण यादी माझ्याकडं आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते मालिकांत आणि सिनेमांत जाऊ लागले. चौदा मालिका, नऊ सिनेमे. बहुतेक ठिकाणी एक किंवा दोन दिवसांचं काम. सहा वेळा आजोबा, तीन वेळा सरपंच, दोनदा न्यायाधीश, चारदा मेलेले. मेलेल्याचं काम सगळ्यात अवघड, असं ते सांगायचे. "माशी बसली तरी हलता येत नाही, आणि रडणारी नटी सगळा भार छातीवर टाकते." नावांच्या पाट्यांत ते बहुधा शेवटी, इतरांमध्ये यायचे. एका रविवारी मी सगळे तुकडे लावून घड्याळानं बेरीज केली. पडद्यावर ते एकूण एक तास बावन्न मिनिटं दिसतात. बावीस वर्षांत. मी हा आकडा त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "अरे वा. दोन अंकी नाटक झालं की."

मी मात्र हसू शकलो नाही. त्या पाचव्या सेकंदाला मी गप्प बसलो असतो तर ही बेरीज वेगळी झाली असती का, हा प्रश्न मला प्रत्येक हंगामात पडतो. कदाचित काहीच झालं नसतं. पण "कदाचित" हा शब्द आमच्या काट्याच्या पावतीवर छापलेला नाही.

गेल्या पावसाळ्यापासून मामा विसरू लागले. आधी चष्मा, किल्ल्या. ते आपण सगळेच विसरतो. मग एकदा मला विचारलं, "रामभाऊ आला का यंदा टोळीबरोबर?" रामभाऊला जाऊन बारा वर्षं झाली, आणि मामाच त्याच्या दहाव्याला माझ्याबरोबर खर्ड्यापर्यंत आले होते. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाचं आहे, पण लक्ष ठेवा. मामी म्हणाली, "शूटिंगवाल्यांना कळू देऊ नकोस हं." मी कळू दिलं नाही. हे बरोबर केलं असं म्हणत नाही. केलं ते लिहितो.

तेवढ्यात जानेवारीतलं ते काम आलं. राहुरीजवळच्या एका बंद पडलेल्या शाळेत सिनेमाचं चित्रीकरण. गावची शाळा बंद होते, आणि शेवटचे म्हातारे गुरुजी रिकाम्या वर्गात उभे राहून आपल्या पहिल्या तुकडीची हजेरी तोंडपाठ घेतात. नऊ नावं, मग चार सेकंद थांबायचं, मग "सगळे गैरहजर." एवढाच प्रसंग. मामांनी कळवलं की प्रॉम्प्टर माझा मी आणतो. म्हणून मी रजा टाकली, आणि म्हणून त्या सकाळी पायरीवर सव्वा रुपया दिला गेला.

दिग्दर्शकाची सहायक रेवती नावाची चुणचुणीत मुलगी होती. ती म्हणाली, "आजोबा, कानात बारीक यंत्र बसवू का? त्यातून आम्ही नावं सांगू."

"नको," मामा म्हणाले. "माझा माणूस आहे."

आवाजाचं काम बघणाऱ्यानं मला फळ्यामागं स्टूल दिलं आणि बजावलं, "काका, तुम्ही बोललात की टेक गेला. फारच अडलं तरच बोला."

चित्रीकरण दोनदा थांबलं. एकदा कारखान्याच्या भोंग्यानं, एकदा रस्त्यावरच्या ट्रॅक्टरनं. ट्रॅक्टरवाला ओळखीचा निघाला. त्याला थांबवायला मलाच पाठवलं.

"काटासायेब, तुमी हितं? काट्यावर कोन हाय मग?"

"रजेवर आहे. पाच मिनिटं इंजिन बंद ठेव बाबा."

"पाच मिन्टं म्हंता, ऊस वाळतोय माझा. काम करताय का तुमी पिक्चरमदी?"

"नाही. फळ्यामागं बसतो."

"दिसनार न्हाई?"

"नाही."

"मंग रजा कशापायी वाया घालीवली?" असं म्हणून त्यानं इंजिन बंद केलं.

मी परत आलो तेव्हा मामा हळूच मला म्हणाले, "सुधा, आज पॉज जरा अलीकडं घेईन बहुतेक. बघू, काय होतं ते." हे वाक्य मी मुद्दाम इथं लिहितो आहे, कारण पुढचं सगळं त्यावर गेलं.

मामा वर्गात शिरले. टेबलावर हात ठेवला. पहिलं नाव घेतलं, दुसरं घेतलं. रिकाम्या बाकांकडं असं पाहत होते की मी फळ्याच्या फटीतून बाकांकडं बघितलं. तिसरं. चौथं. पाचवं. आणि थांबले.

पॉज अलीकडं घेतला, मी मनात म्हटलं, आणि मोजू लागलो. चार झाले. पाचव्या सेकंदाला माझ्या जिभेवर सहावं नाव आलं आणि मी दात घट्ट मिटले. सहा, सात. सुई थांबू द्या. आठ, नऊ. मामांचा हात टेबलावर काहीतरी शोधत होता. अकराव्या सेकंदाला मला कळलं की हा पॉज नाही. ते लिहायला आज मला वेळ लागला, तेव्हा लागला नव्हता. अकराव्या सेकंदाला मला स्वच्छ कळलं, आणि तरी मी बोललो नाही. खात्री नव्हती म्हणून नव्हे. भीती वाटली म्हणून. तीस वर्षांपूर्वीचं ते हसणं मला अजून ऐकू येत होतं. सतराव्या सेकंदाला मामांचा चेहरा एकदम मोकळा झाला, हरलेल्या माणसाचा होतो तसा, आणि ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "सगळे गैरहजर."

दिग्दर्शक काही क्षण "कट" म्हणायचं विसरले. मग टाळ्या झाल्या. रेवती डोळे पुसत होती. दिग्दर्शक मामांचे हात धरून म्हणाले, "सर, चार नावं तुम्ही घेतलीच नाहीत. ती गेलीच. हे मला लिहिता आलं नसतं."

मामा म्हणाले, "पाणी मिळेल का?"

परतीच्या गाडीत मामा बराच वेळ बाहेर बघत होते. उसाच्या गाड्या मागं पडत होत्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बोलला का नाहीस?"

"मला वाटलं पॉज आहे."

"सतरा सेकंद?"

"तुम्ही मोजलेत?"

"मी कशाला मोजू? तू मोजले असशील." मग जरा वेळानं, "सगळं पांढरं झालं होतं रे. नावंच काय, मी कुठं उभा आहे तेही. एक शब्द हवा होता फक्त."

मी नियमाप्रमाणं नाणी पुढं केली. एकही शब्द पुरवला नव्हता. मामांनी माझा हात बाजूला सारला. "असू दे तुझ्याकडं," म्हणाले. तेव्हापासून ती नाणी माझ्या शर्टाच्या खिशात राहिली. ना कमावलेली, ना परत केलेली.

आठ दिवसांनी दिग्दर्शकांचा फोन आला. पुढच्या सिनेमात मुख्य आजोबांचं काम. चाळीस दिवस. नाव पहिल्या पाटीवर, एकटं. ऐंशी वर्षांच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा मोठी भूमिका आली होती, आणि ती त्या सतरा सेकंदांच्या जोरावर. ते सतरा सेकंद काय होते हे जगात दोघांनाच माहीत होतं.

मामी मला परसात घेऊन गेली. तुळशीजवळ उभी राहून म्हणाली, "जाऊ दे रे त्यांना. बावीस वर्षं मी टीव्हीपुढं बसून त्यांचं नाव वाचायची धडपड केलीय, वाचायच्या आत वर सरकून जायचं. चाळीसच दिवस. तू असशील ना जवळ?"

मी हो म्हणालो. हंगाम मार्चअखेर संपणार होता, शूटिंग एप्रिलात. गणित जमत होतं.

मग तालमी सुरू झाल्या. माझी पहिली पाळी संपली की पाच वाजता मी मामांकडं जाई. मागच्या पडवीत मामा खुर्चीत, मी दाराआड संहिता घेऊन. ते दिवस चांगलेही होते, हे सांगितलं पाहिजे. मामा कधी कधी असे काही थांबत आणि असं काही बघत, की मी दाराआड एकटाच असूनही माझ्या अंगावर काटा येई. कामाची जाण कुठंही गेली नव्हती. शब्द जात होते. गाडी तीच होती, बैल तेच होते, भरलेला ऊस रस्त्यात गळत होता.

मी सवयीनं प्रत्येक तालमीची तारीख समासात लिहून पुढं आकडा लिहीत गेलो, किती वेळा बोलावं लागलं त्याचा. पहिला प्रवेश, पहिला दिवस: दोन. आठवड्यानं तोच प्रवेश: चार. तिसऱ्या आठवड्यात: नऊ. रोज म्हटल्यानं पाठ व्हायला हवं, ते रोज म्हटल्यानं झिजत होतं. मी हे आकडे कुणाला दाखवले नाहीत. उज्ज्वलानं विचारलं, "कसं चाललंय?" मी म्हटलं, "ठीक." तिनं माझ्याकडं बघितलं आणि जेवण वाढायला घेतलं.

बावीस फेब्रुवारीला मी पाणी प्यायला आत गेलो आणि परत आलो, तर संहिता मामांच्या हातात होती. चष्मा कपाळावर सरकवून ते समास वाचत होते.

"हे तारखांपुढचे आकडे कसले?"

"मी किती वेळा बोललो त्याचे."

"वाढत चाललेत."

मला इथं "नाही" म्हणता आलं असतं. तेवढा एक शब्द माझ्याकडं नेहमीच तयार असतो. मी म्हणालो, "हो."

मामांनी पानं उलटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, शाळेत वही तपासावी तशी. मग म्हणाले, "हात स्वच्छ आहे तुझा. लहानपणापासून." आणि फोन मागितला.

दिग्दर्शकांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. आवाज मोठा ठेवला, कारण हल्ली त्यांना ऐकायला जरा कमी येतं. नमस्कार झाल्यावर सरळ म्हणाले, "त्या दिवशी शाळेत मी पॉज घेतला नव्हता. विसरलो होतो. तुम्ही ज्या माणसाला काम दिलंत, तो मी नव्हे."

पलीकडं पाच सेकंद काही ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "सर, हरकत नाही. कानात यंत्र लावू. हल्ली सगळे लावतात, तरुणसुद्धा."

"लावत असतील. पण कानात तुमचं ऐकत बसलो, तर समोरच्याचं कधी ऐकू? आमचं निम्मं काम ते आहे."

"विचार करा थोडा."

"केला. आणि त्या चार पोरांची नावं राहिली, त्याबद्दल माफ करा."

"सर, तो प्रसंग मी तसाच ठेवणार आहे."

"ठेवा की," मामा म्हणाले. "खोटा नाही तो."

मामी दारात उभी होती. ती आत गेली आणि कुकरची शिटी होईपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. तालीम नव्हती, तरी पाच वाजता माझे पाय तिकडं वळले. मामा पुढच्या पायरीवर बसले होते. रस्त्यानं रिकाम्या गाड्या परत चालल्या होत्या. रिकाम्या गाडीचे बैल भरभर चालतात. मी शेजारी बसलो. मामा म्हणाले, "सुधा, नगरला तू बोललास ना विंगेतून, तेव्हाही असंच झालं होतं."

"कसं?"

"गेलं होतं. हो म्हणायचं की नाही, तेच सुटलं होतं. पोरगा समोर उभा, आणि मला आतून हो म्हणावंसं वाटत होतं. तू नाही म्हणालास, म्हणून मी म्हणालो. नाहीतर हो म्हणून बसलो असतो, सगळं नाटक उलटं झालं असतं."

मी विचारलं, "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"सगळे म्हणत होते, मास्तरांचा एवढा सुंदर पॉज पोरानं घालवला. नटाला असं ऐकायला नको का वाटेल?" ते जमिनीकडं बघत होते. "तुझं वाईट झालं त्यात. ते कळत होतं मला."

मामी चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवताना माझ्याकडं बघून मान बारीक हलवली. मामांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "जुनं नवं एक करतात रे हल्ली. मनाला लावून घेऊ नकोस."

म्हणजे हे खरं असेल, तर एकतीस हंगाम मी भलताच भार वाहिला, आणि मामांनी तो वाहू दिला. खरं नसेल, तर जानेवारीतली शाळा आणि नगरचं नाट्यगृह त्यांच्या डोक्यात एक झालं आहे, आणि माझा तो पाचवा सेकंद होता तिथंच आहे. किंवा मामांना सगळं नीट आठवतं आहे, आणि त्यांनी शेवटचं एक काम माझ्यासाठी करून दाखवलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बराच वेळ बघितलं. सुई काही थांबली नाही. आता ती थांबणारही नाही.

चहा झाल्यावर मामांनी हात पुढं केला. "जानेवारीचे आण. त्या दिवशी मी रागावलो होतो, म्हणून घेतले नाहीत. नियम तो नियम. एक शब्द पुरवला नाहीस."

तेवीस फेब्रुवारी, रविवार, संध्याकाळचे सहा. हजर तेच तिघं. नगरचा सव्वा रुपया माझ्या कपाटातल्या पाकिटातच आहे. वरची तारीख मी खोडली नाही. शाळेतला सव्वा रुपया मी मधूमामांना दोन्ही हातांनी परत दिला, आणि त्यांनी तो घेतला. रुपया त्यांनी खिशात टाकला. चार आणे मामीनं देवाच्या डबीत टाकले. डबीत आता सहा आहेत.